शेळीची दुरुस्ती

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. नवं पुस्तक हातावेगळं होईपर्यंत मला दुसरं काही सुचत नव्हतं. आता ते झालं आहे आणि प्रकाशकांनी छपाईला तुमच्याच छापखान्यात पाठवलं आहे. म्हणजे पहिली प्रुफं तुझ्याच टेबलावर येणार. माझी आधीची सहाही पुस्तकं तू तपासलीस, त्यामुळे मी निर्धास्त आहे. खरं सांगायचं तर या वेळी जरा धास्तीही आहे.

पुस्तकाचं नाव ‘एकटीचं बेट’. तू ओळखशीलच. बाबांची नाव, पूर आणि बेटावरचे ते तीन दिवस. इतकी वर्षं मी वाळवंटात हरवलेली आणि बर्फात अडकलेली मुलं लिहिली आणि ना मी वाळवंट पाहिलं, ना बर्फ. सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. या वेळी म्हटलं, जे खरंच घडलं ते लिहावं. मुलांच्या पुस्तकाला साजेसे बदल थोडे केले आहेत, ते समजून घे.

एका शाळेत परवा बोलावलं होतं. दोनशे मुलं, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, की तुम्ही स्वतः कधी जीव वाचवला आहे का. मी हो म्हणाले. केवढ्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू.

माझी टिकली मजेत आहे. बारा वर्षांची झाली, पण दर दोन वाक्यांत एकदा ‘मावशी म्हणते’ असतंच. तब्येतीला जप. खिडकीपाशी बसून वाचत जा, त्या पिवळ्या दिव्याखाली डोळे फोडू नकोस.

लोभ आहेच, पुस्तक वाचून झाल्यावरही तो ठेवावास ही आगाऊ विनंती.

तुझी,
बारकी

१९ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रुफं वाचली. एकशे बत्तीस पानांत दोनशे बारा चुका निघाल्या. त्यातल्या साठ खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या, बाकीच्या तुझ्या. ऱ्हस्व-दीर्घाशी तुझं वैर शाळेपासूनचं, त्याबद्दल काही म्हणत नाही. सगळ्या समासात नीट मांडून पाठवते आहे.

आता दोनशे तेराव्या चुकीकडे येते. मी कुठे आहे?

मी पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पानं मागेपुढे झाली असतील, पुढच्या फर्म्यातल्या पानांत मी येईन. नाही आले. बेटावर एक सात वर्षांची मुलगी आहे आणि तिच्याबरोबर एक शेळी आहे. मुलीला थंडी वाजते तेव्हा शेळी अंगाशी येऊन बसते. मुलगी रडते तेव्हा शेळी तिचे गाल चाटते. शोधायला आलेल्या नावेला दुरून लाल रिबीन दिसते, तीही शेळीच्या गळ्यातली. ती रिबीन माझी होती. वेणीची सोडून मी ती बांबूला बांधली होती आणि दोन्ही हातांनी बांबू धरून सकाळपासून उभी होते. तू झाडाखाली झोपली होतीस.

आणि कंदिलाच्या काडेपेटीतल्या सात काड्या, ज्या मी केसांत खोवून कोरड्या ठेवल्या, नावेतलं पाणी उपसायचा डबा, ज्यात मी तुला तीन दिवस पाणी उकळून पाजलं, ते सगळं तुझ्या नायिकेनं एकटीनं केलं. सात वर्षांच्या पोरीनं. जी घरी स्वतःच्या चपलेचा बंद लावत नव्हती.

सगळ्यात कडी म्हणजे पान तीन. नावेचा दोर शेळीनं कुरतडला म्हणे. दोर कुणी सोडला ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. बाबांनी विचारलं तेव्हा तू माझ्यामागे लपलीस, आणि मोठी म्हणून मार मला बसला. म्हणजे दोर सोडलास तू, मार खाल्ला मी आणि पुस्तकात दोर खाल्ला शेळीनं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ती म्हण आज मला नीट कळली.

गेल्या आठवड्यात आमच्या मालकांची नात छापखान्यात आली होती. तुझी सगळी पुस्तकं तिला पाठ. मी तुझी बहीण आहे असं कळल्यावर वही पुढे करून सही मागितली. मी हरखले. सही केली तर म्हणाली, तुमची नाही, त्यांची आणून द्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते तुझ्याकडे पाहूनच म्हटलं असावं. मला हेवा वाटतो, बारके. हे मी आज पहिल्यांदा लिहून देते आहे. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काने-मात्रे उचलते. स्वतःची म्हणावी अशी माझी एकच गोष्ट होती, तीन दिवसांची. तीही तू नेलीस आणि माझ्या वाट्याला चार पाय ठेवलेस.

टिकलीला गोड पापा. लोभ असावा असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मग राग आला, आणि रागात लिहिते आहे, तेव्हा माफ कर.

साहसकथेत मूल एकटं लागतं. मोठी बहीण सोबत असली की वाचणाऱ्याला भीतीच उरत नाही, ती सगळं निभावून नेणार हे त्याला पहिल्याच पानावर कळतं. हे माझं नाही, प्रकाशकांचं म्हणणं आहे. शेळी त्यांना फार आवडली. चित्रकारानं तिला मुखपृष्ठावर काढलंही आहे. आता बदल होणार नाही. दोराचं म्हणशील तर तो आपोआप सुटला असेल. मला आठवत नाही.

आणि हेव्याचं तू काढलंस म्हणून सांगते. हेवा काय तुझ्या एकटीचाच आहे? माझ्या घरात माझी पुस्तकं कपाटभर आहेत आणि माझी मुलगी गोष्ट ऐकायला सुट्टीत तुझ्याकडे पळते. परत आली की काय ती ऐट. मावशीनं प्रुफाच्या खुणा शिकवल्या, मावशी अशी आग पेटवते, मावशीला वारा कुठून येतो ते कळतं. शाळेत दोनशे मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवतात, आणि घरी मी तोंड उघडलं की टिकली म्हणते, आई, हे तू मावशीला विचारून लिहिलंयस का. पोटच्या पोरीनं असं विचारल्यावर पोटात कसं दुखतं ते तुला कळायचं नाही.

असो. प्रुफं परत पाठवते आहे. तुझ्या दुरुस्त्या सगळ्या मान्य. पान एक्केचाळीसवर एक परिच्छेद हातानं नवा घातला आहे. ही पुस्तकं वाचून मुलं खरोखर तसं करू पाहतात, म्हणून पाण्याबद्दल नीट लिहायला हवं असं वाटलं. नदीचं पाणी थेट पिऊ नये, काठापासून लांब वाळूत खड्डा करावा, साचलेलं पाणी फडक्यातून गाळावं आणि उकळूनच प्यावं, असं आहे. तेवढं जुळाऱ्याकडून चोख करून घे. माझा ळ तुला माहीत आहे, शेपूट अर्ध्यात राहतं आणि त्याचा र होतो.

शेवटचा हात तुझाच फिरणार आहे, म्हणून काळजी नाही. लोभ कमी झाला असला तरी होता तेवढ्यावर भागवीन.

तुझी,
बारकी

५ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

दुसरी प्रुफं पाहिली. छापण्यास हरकत नाही असा शेरा मारून फर्मे यंत्राकडे दिले. मुखपृष्ठही छापून आलं आहे. शेळी माझ्यापेक्षा देखणी आहे.

काम फार आहे, म्हणून आवरते. लोभाचं पुढे पाहू.

तुझी,
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून दोन महिने एक ओळ नाही. अबोला धरलास असं समजून मीही धरला होता. पण माझ्याच्यानं तो निभत नाही, लहानपणापासून हरत आले आहे.

पुस्तक चांगलं चाललं आहे. मुलांची रोज पत्रं येतात आणि अर्धी शेळीलाच असतात. ती पुढे कुठे गेली, तिला पिल्लं झाली का. एका पोरानं तिच्यासाठी पाकिटात चारा पाठवला. तुला हे वाचून बरं वाटेल म्हणून लिहिते: मला तिचाही हेवा वाटायला लागला आहे.

टिकलीनं पुस्तक एका बैठकीत संपवलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, छपाई छान आहे. मग खोलीत जाऊन दार लावून पेन्सिल घेऊन बसली. काल वर्गाबरोबर पाच दिवसांच्या शिबिराला गेली. नदीकाठी तंबू आहेत, तराफे बांधायला शिकवणार आहेत. पुस्तक पिशवीत घालून नेलंय. बरोबरची मैत्रीण तर त्याचं पारायण करते. ती म्हणाली की आम्ही तिथे सगळं पुस्तकात लिहिलंय तसंच करून पाहणार. मला मनातून बरं वाटलं. निदान एका मुलीला तरी माझं खरं वाटतं.

दोन ओळी तरी लिही. लोभ असेल तर त्यात कळव, नसेल तर तेही.

तुझी,
बारकी

१७ एप्रिल

बारके,

मायना लिहीत बसत नाही. तुझं पत्र आत्ता अकरा वाजता हातात पडलं. छापखान्यातून तुझ्या घरी तीनदा फोन लावला, कुणी उचलत नाही. शिबिराचा नंबर माझ्याकडे नाही. हे पत्र तातडीच्या टपालानं टाकते आहे. मिळताक्षणी टिकलीपर्यंत निरोप पोचव, की पान एक्केचाळीस चुकीचं आहे. पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

पुस्तकात ‘उकळूनच प्यावं’च्या जागी ‘उकरूनच प्यावं’ पडलं आहे. खड्डा उकरायचा आणि प्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. वाक्य वाचताना कुणाला अडखळायलाही होत नाही, म्हणून आजवर कुणी कळवलं नसेल.

आता खरं सांगते. तुझ्या ळाचा र झाला होता, जुळाऱ्यानं दिसलं तसं जुळवलं. चूक तुमची दोघांची. पण तो र मला दिसला होता. पेन्सिल त्याच्यावर टेकवली होती. तेवढ्यात मुखपृष्ठं सुकायला घातलेल्या दोरीकडे नजर गेली. शंभर शेळ्या ओळीनं, शंभर लाल रिबिनी. मनात म्हटलं, एकटीनं केलंस ना सगळं, मग हेही एकटीनंच निस्तर. कुणीतरी मास्तर तुला पत्र लिहील, लेखिकेला पाण्यातलं कळत नाही म्हणून, आणि तुझी जरा जिरेल. इतकंच मनात होतं. पेन्सिल उचलली आणि खाली ‘छापण्यास हरकत नाही’ लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत कळूनसवरून सोडलेली ही एकच चूक.

आपली टिकली ते पुस्तक घेऊन नदीवर गेली आहे. मी तीन दिवस तुला उकळून पाजलं आणि तिच्या हातात हे दिलं. मला काय बोलायचं ते बोल, पण आधी निरोप पोचव.

ताई

२३ एप्रिल

ताईस,

टिकली सुखरूप आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, कारण तू पुढचं वाचण्याआधी पाणी प्यायला उठशील.

पंधरा तारखेला दुपारी ती आणि तिची मैत्रीण तराफ्यासकट वाहत गेल्या. पलीकडच्या झाडीत लागल्या, दोन रात्री तिथेच काढल्या, सतरा तारखेला दुपारी सापडल्या. तू फोन लावलास तेव्हा मी शिबिराच्या काठावर उभी होते. मोठ्यानं हाका मारत होते आणि मनात तुझ्याच नावानं, कारण तसल्या वेळी काय करायचं ते मला कधीच ठाऊक नव्हतं. तुझं पत्र मिळालं वीस तारखेला. आधी मिळालं असतं तर मी तिथेच कोसळले असते. आणि तुला उभ्या जन्मात क्षमा केली नसती. आजही केली आहे असं समजू नकोस. पूर्ण झाली की कळवीन.

तिथे काय घडलं ते मैत्रिणीकडून कळलं. तहान लागल्यावर तिनं स्वतःची प्रत उघडली, वाळू उकरली आणि ओंजळभर पिऊनही टाकलं. टिकलीनं तिचा हात धरला आणि सांगितलं, की मावशी सांगते उकळल्याशिवाय घोट नाही. मैत्रीण म्हणाली, पुस्तकात तर असंच लिहिलंय. तर आपली म्हणते, पुस्तकात काय, शेळीसुद्धा लिहिलीय. मग तिनं वेणीतून काड्या काढल्या. शिबिरातून आणलेल्या, पाच. खाऊच्या डब्यात दोन दिवस पाणी उकळलं. त्या ओंजळीपायी मैत्रीण तीन दिवस पोट धरून अंथरुणात होती, आता बरी आहे. दुसरी ओंजळ पोटात गेली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते तुला सांगत नाही.

तराफ्याचा दोर कुणी सोडला असं बाईंनी विचारलं, तेव्हा टिकलीनं मी सोडला असं एका दमात सांगून टाकलं. कुणावर गेली आहे कोण जाणे.

तिनं नाव काढलं. टिकली टिकली. पण ती टिकली ती तुझ्या गोष्टीवर, माझ्या पुस्तकावर नाही, हे गिळायला मला सहा दिवस लागले. शेळी का घातली ते आता सांगते. प्रकाशकांनी एकटं मूल हवं म्हटलं हे खरं, पण ते ऐकून मी सुटले. ताई, त्या तीन दिवसांत मी काहीच केलं नाही. रडले आणि तू दिलेलं पाणी प्याले. घरी आल्यावर सगळे म्हणायचे, मोठीनं धाकटीला वाचवलं. पस्तीस वर्षं मी वाचवलेली मुलगी आहे. मला एकदा तरी, कागदावर का होईना, आपली आपण वाचायचं होतं.

उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटवायला प्रकाशकांना सांगितलं आहे. दुसरी आवृत्तीही निघते आहे. तिची प्रुफं तुझ्याकडेच येतील. दुसऱ्या कुणाकडे द्यावीत असं मनात आलं होतं, पण तसं केलं तर तू ती चूक आयुष्यभर वाचत बसशील.

सोबत टिकलीची प्रत पाठवते आहे. भिजून फुगली आहे. पेन्सिलीनं तिनं काय केलंय ते तूच पाहा, त्या खुणा तुझ्याच शाळेतल्या आहेत.

लोभ शिल्लक आहे. मोजायला सवड झालेली नाही.

तुझी,
बारकी

३ मे

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, घेणार असशील तर.

काय घडलं ते मालकांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, शुद्धिपत्रं तुम्ही स्वतःच्या हातानं लावा. चार दिवस खळीची वाटी घेऊन बसले होते, अकराशे प्रती झाल्या. टिकलीच्या मैत्रिणीला वेगळं पत्र लिहिलं आहे, चूक कुणाची ते स्पष्ट लिहून. तिचं उत्तर आलं. लिहिते, पोट आता ठीक आहे, पण शेळी खरी नव्हती याचं जास्त वाईट वाटलं.

टिकलीची प्रत पाहिली. खुणा इतक्या चोख, की छापखान्यात काम शिकायला आलेल्या नव्या मुलीला दाखवल्या. एकशे बत्तीस पानांत जिथे जिथे ‘शेळी’ आहे तिथे तिथे आडवी रेघ आणि समासात ‘मावशी’. त्यामुळे पान तीनवर मावशीनं दोर कुरतडला आहे. पान साठवर मावशी चारही पाय दुमडून बसते आणि पान सत्तरवर मुलगी मावशीच्या शिंगांना धरून ओढा ओलांडते. मी एकटीच टेबलाशी हसत बसले, आणि मग माझ्यानं पुढचं वाचवेना. शेवटच्या पानावर तुझं वाक्य आहे, ‘अशी ती एकटी वाचली.’ तिनं ‘ती एकटी’ खोडून ‘त्या दोघी’ केलं आहे, ‘अशी’चं ‘अशा’ आणि ‘वाचली’चं ‘वाचल्या’. वचन सांभाळलं पोरीनं. पान एक्केचाळीसवर र खोडून ळ केला आहे, आणि भिजून फिकटलेल्या अक्षरावरून दिसतं की तो शिबिराला जायच्या आधीच केला होता. जी चूक मी पाहून सोडली ती तिनं पाहून दुरुस्त केली.

तू काहीच केलं नाहीस असं लिहिलंस. दुसऱ्या दिवशी काड्या संपत आल्या तेव्हा मी नदीत उडी टाकायला निघाले होते, पोहून मदत आणते म्हणून. तू माझ्या झग्याला लोंबकळलीस आणि सोडेनास. त्या पाण्यात मी दहा हातसुद्धा गेले नसते. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण वाचवणारी म्हणून मिरवायचं होतं ना. तेव्हा तुझा हिशेब तूही दुरुस्त कर.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं माझ्यासमोर आहेत. उकळून झालं आहे. शेळी मात्र मी जशीच्या तशी ठेवली. पोरांचा जीव जडलाय तिच्यावर, राहू दे. मी टिकलीच्या प्रतीत आहे, तेवढं मला पुरे.

फक्त पान तीन अडलं आहे. दोर शेळीनं कुरतडला हे मला पटत नाही. मुक्या जनावरावर आळ नको. ही दुरुस्ती मुद्रितशोधकानं करायची नाही, लेखिकेनं करायची. तोवर मी शेरा मारणार नाही, आणि यंत्र थांबलं आहे.

लोभ माझ्याकडून पूर्वीइतकाच. हेवाही आहे, पण तो आता पोटात दुखत नाही.

तुझी,
ताई

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे.

पान तीन, ओळ नऊ. ‘शेळीनं दोर कुरतडला’ हे काढावं. त्या जागी घालावं: ‘दोर मुलीनंच सोडला होता. नाव आपली आपण किती लांब जाते ते तिला पाहायचं होतं. पुढे सगळ्यांनी विचारलं तेव्हा ती कुणाच्या तरी मागे लपली.’

हे पुस्तकात. पत्रात वेगळं लिहिते. दोर मी सोडला होता, ताई. मला सगळं आठवतं, गाठ कशी होती तेसुद्धा. बाबा तुला मारत होते तेव्हा मी तुझ्या पाठीला चिकटून होते आणि प्रत्येक फटका मला तुझ्यातून जाणवत होता. तरी बोलले नाही.

ळ नीट काढला आहे. टिकलीनं वाचून पाहिला. ती तुझ्याकडे सुट्टीत यायला निघाली आहे, आणि या वेळी मलाही यायचं आहे. मी न बोलता बसेन आणि तू ती गोष्ट पहिल्यापासून सांग.

लोभाचं काही विचारत नाही. पान तीन वाचून शेरा काय तो कळव.

तुझी,
बारकी

(याच पत्राच्या समासात, तांबड्या पेन्सिलीनं)

छापण्यास हरकत नाही. या, दोघीही.
— ताई